टेरेझिनची चित्रशाळा

चित्रकलेचा तास म्हणजे रिकामा तास, असें मानणारे शिक्षक मीं पुष्कळ पाहिले. त्यांस फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ह्या बाईंची हकीकत सांगावीशी वाटते. व्हिएन्ना येथें १८९८ सालीं जन्मलेल्या ह्या बाई वायमारच्या बाउहाउस शाळेंत योहानेस इटेन ह्यांच्या विद्यार्थिनी होत्या. १९४२ च्या डिसेंबरांत नाझींनीं त्यांना टेरेझिनच्या छावणींत धाडिलें. तेथें यहुदी मुलांस रीतसर शिकविणें मना होतें. चित्रें काढण्यास तेवढी अडकाठी नव्हती.

कागद कोठला? कचेरींतले वापरलेले छापील कागद फाडून मुलें तुकडे चिकटवीत, आणि गडद-फिकें, लहान-मोठें, तोल, मोकळी जागा हीं तत्त्वें बोटांनींच शिकत. (साहित्य नाहीं म्हणून तास बुडविणाऱ्यांनीं हें ऐकावें!) बाई तोंडानें ठेका सांगत; मुलें त्या तालावर रेघा ओढीत. चित्रावर आपलें नांव घालावें, हा मात्र त्यांचा आग्रह असे. छावणींत माणूस यादींतला आंकडा झाला होता.

१९४४ च्या ऑक्टोबरांत ऑश्विट्झ येथें त्यांना ठार करण्यांत आलें. बहुतेक मुलेंही वांचलीं नाहींत. मागें राहिलेलीं सुमारें साडेचार हजार चित्रें आज प्रागच्या यहुदी संग्रहालयांत आहेत. त्यांवरील पुष्कळ नांवें अद्याप वाचतां येतात.