दोन बोटे जागा

परिच्छेद सुरू करताना समासापासून दोन बोटे जागा सोडा, हे वडीगोद्रीच्या शाळेत आपल्याला किती वेळा सांगितले गेले असेल! वहीत ती जागा सोडायची राहिली तर फार तर अर्धा गुण जाई. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र ती चुकली तर हिशेबच बदलतो. माझे पोट गेली काही वर्षे याच कामावर चालते, म्हणून स्मरणिकेसाठी या जागेचा इतिहास लिहायला घेतला.

आपल्या जुन्या मोडी लिखाणात अशा जागेला फारसे महत्त्व नव्हते. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे. दोन शब्दांतही अंतर नसे. वाचणारा जाणकार असल्याने भागत असे. यंत्राचे तसे भागत नाही.

1957 साली आयबीएमने फोरट्रॅन ही भाषा आणली. तेव्हा प्रोग्रॅम कार्डांवर भोके पाडून लिहीत. एका कार्डावर 80 रकाने. पहिले पाच ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा आधीची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, आणि खरा मजकूर सातव्यापासून 72व्यापर्यंत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली सीडीसी 3600 संगणक आला, तो याच कार्डांच्या काळात. भोके पाडणाऱ्या यंत्राच्या ड्रमवर एक नमुना-कार्ड गुंडाळून ठेवले की यंत्र आपोआप सातव्या रकान्यावर उडी घेई. ओळ आपोआप आत घेण्याची सोय इतकी जुनी आहे.

पुढे पडदा आणि कीबोर्ड आले. 1976 च्या सुमारास बर्कले विद्यापीठात बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिला. त्यातले ‘ऑटोइंडेंट’ सुरू केले की एंटर दाबल्यावर नवी ओळ वरच्या ओळीइतकीच आत सुरू होई. बाहेर यायचे तर कंट्रोल आणि डी दाबायचे. एवढेच. आपल्याकडे तिफण धरणाराही मागच्या ओळीकडे बघूनच पुढची धरतो.

खरी पंचाईत पायथनने केली. गिडो व्हॅन रॉसम यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत कोणत्या ओळी एका गटातल्या, हे कंस नाही, तर आत सोडलेली जागाच ठरवते. समजा, वर्गातल्या 40 मुलांचे गुण एकेक करून मिळवायचे आणि शेवटी सरासरी छापायची. छापण्याची ओळ चार स्पेस आत सरकली, तर सरासरी 40 वेळा छापली जाते, पहिल्या 39 वेळा अर्धवट बेरजेवरून, आणि यंत्र तक्रारही करत नाही. आपल्यापैकी काहींची मुले आता पायथन शिकत आहेत. एडिटरने परस्पर ओळ सरकवली, तरी ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसतात.

म्हणून माझे मत असे, की एंटर दाबल्यावर एडिटरने वरच्या ओळीइतकी जागा द्यावी; वरची ओळ गट उघडणारी असेल तर एक पायरी जास्त. गटातून बाहेर कधी पडायचे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. तिथे अंदाज बांधू नये, बॅकस्पेसने एक पायरी मागे येऊ द्यावे. चिकटवलेल्या मजकुराला तर फारच जपावे. जुन्या एडिटरांना टाइप केलेले आणि चिकटवलेले यातला फरक कळत नसे, मग प्रत्येक ओळ आणखी आत जाऊन पानावर जिनाच तयार होई. सगळा गट एकदम सरकवला तर हरकत नाही. आतला चढउतार तसाच राहावा.

टॅब आणि स्पेसचे भांडण निराळेच. त्याच सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिला. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते. ही सक्ती अडचणीची आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आले, पण तोवर डझनभर लोक ‘मेक’ वापरू लागले होते. त्यांचे काम मोडायला नको म्हणून ती तशीच राहिली. त्या डझनभरांच्या भिडेखातर आजही जगभर तिथे टॅबच दाबावा लागतो, आणि टॅबचे स्पेस करून देणाऱ्या एडिटरने निदान त्या फाइलपुरते तरी गप्प बसावे.