वऱ्हाडातील कारागीर समाज आणि त्यांचे तंत्र

अकोला-अमरावती भागातील जाती-जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या हस्तकौशल्ये जोपासली. वऱ्हाडातल्या गावांत कोण काय घडवणार हे जन्मानेच ठरत असे. कारागीर शेतकऱ्याची औजारे वर्षभर घडवी, दुरुस्त करी आणि सुगीला खळ्यावर ज्वारीच्या रूपाने बलुते घेई. त्रिं. ना. आत्रे यांनी ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले आहे.

या तंत्राची उंची पाहायची तर बैलगाडीचे चाक पाहावे. सुतार बाभळीच्या लाकडाचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे एकमेकांत बसवी. त्यावरची लोखंडी धाव लोहार मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवी. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली की प्रसरण पावे. मग सांडशांनी उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसणारे लोखंड सगळे सांधे असे आवळी की खिळ्यांवर फारसे विसंबावे लागत नसे. धाव जास्त लहान झाली तर आरे वाकत, सैल राहिली तर काळ्या मातीच्या उन्हाळी भेगांत गाडी खिळखिळी होई. हा हिशेब कागदावर कुठेच नव्हता. दोन वेगळ्या जातींच्या माणसांनी मिळून साधलेले हे उत्तम अभियांत्रिकी काम होते आणि त्याची नोंद व्हायला हवी तितकी झालेली नाही.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की तडकते. म्हणून कुंभार तळ्या-नाल्याचा गाळ निवडून त्यात राख आणि लीद मिसळी. मातंग कारागीर अंबाडी पाण्यात कुजवून तिच्या वाखाचे कासरे, दावी वळत. पोळ्याला बैलाच्या अंगावर येणारा नवा साज त्यांच्या हातचा असे.

मेळघाटात चित्र वेगळे. तिथल्या कोरकू आदिवासींची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, मराठीशी तिचे नाते नाही. कोरकूंची घरे बांबूच्या कुडाची, मातीने लिंपलेली. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या लाकडी मुंड्यांवर, म्हणजे स्मृतिखांबांवर, सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. धारणीजवळच्या लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्रातून कोरकू कारागिरांच्या बांबूच्या राख्या आता शहरांत पोचतात.

1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस बाहेर गेला, गिरणीचे सूत आणि कापड आत आले आणि विणकरांचे माग मंदावले. पुढे रबरी टायरच्या गाड्यांनी धावेची गरजच संपवली.

मात्र या ऱ्हासाबद्दल हळहळताना एक गोष्ट झाकू नये. ज्या हातांनी दावे वळले, जोडे शिवले, त्यांनाच गावाने शिवाशिव पाळून दूर ठेवले. कौशल्य थोर होते, त्याला जन्माशी बांधणे अन्यायाचे होते. शेणगावच्या परीट कुटुंबात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आयुष्यभर या भेदावर कीर्तनांतून प्रहार केले. अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार यांच्यासह 18 व्यवसाय आहेत. तिथे अर्जदाराचे काम पाहिले जाते, जातीची अट नाही.