लिनक्सच्या गाभ्यातील नेमस्पेसची फेरमांडणी

प्रतिनिधी, नाशिक

एकाच संगणकावर अनेकांची कामे चालावीत, पण कोणाला कोणाचे काही दिसू नये, यासाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नेलमध्ये, जी व्यवस्था आहे तिला नेमस्पेस असे म्हणतात. २००२ ते २०२० या काळात ही व्यवस्था तुकड्यातुकड्यांनी वाढत गेली. प्रत्येक तुकड्याचा कोड स्वतंत्रपणे, परंतु जवळपास एकाच साच्यात लिहिला गेला. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ६.१८ या आवृत्तीत या कोडची मोठी फेरमांडणी करण्यात आली. या कामामुळे जुना कोणताही प्रोग्रॅम वेगळा वागू नये, अशीच अपेक्षा होती.

हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ईएसडीएस या कंपनीचे डेटा सेंटर आहे. अशा केंद्रांमध्ये एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे काम चालवणे ही जगभर रूढ झालेली पद्धत आहे. दोन ग्राहक जेव्हा कंटेनर पद्धतीने एकाच कर्नेलवर नांदतात, तेव्हा त्यांच्यामधील भिंत नेमस्पेसची असते.

नावांची हद्द

जुन्या नाशकातील वाड्यांचे उदाहरण घेतले की ही कल्पना लवकर ध्यानात येते. 'तीन नंबरची खोली' प्रत्येक वाड्यात असू शकते. वाड्याच्या दिंडी दरवाज्याच्या आत तेवढ्या उल्लेखाने काम भागते आणि शेजारच्या वाड्यातील तीन नंबरच्या खोलीशी घोटाळा होत नाही. घरपट्टीच्या नोंदीत मात्र मालमत्तेला निराळा क्रमांक असतो. म्हणजे वस्तू एकच. आतून तिचे नाव एक आणि बाहेरून दुसरे. नाव कोणत्या हद्दीत वाचायचे हे ठरवणारी चौकट म्हणजे नेमस्पेस.

संगणकात हेच घडते. कंटेनरमधील पहिल्या प्रक्रियेला आतून १ हा क्रमांक दिसतो. यजमान यंत्रावर तिचाच क्रमांक चार किंवा पाच आकडी असू शकतो. आतल्या प्रक्रियेला बाहेरच्या प्रक्रियांची नावेच ठाऊक नसतात आणि ज्याचे नाव घेता येत नाही, त्याला हात लावणेही अवघड होते. या व्यवस्थेचे संरक्षण या एका तत्त्वावर उभे आहे.

वाढ कशी झाली

प्रक्रियेला फायलींच्या झाडाचा एक भागच दाखवण्याची सोय १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'चरूट' या नावाने आली होती. प्रत्येक प्रक्रियेला नावांची स्वतःची हद्द द्यावी, हा विचार पुढे बेल लॅब्सच्या 'प्लॅन नाइन' या प्रणालीने पूर्णत्वास नेला. लिनक्समध्ये पहिली नेमस्पेस अल व्हायरो यांनी आणली. ती फायलींच्या जोडण्यांपुरती, म्हणजे माउंटपुरती होती आणि २००२ मधील २.४.१९ या आवृत्तीत आली. तिच्या खुणेचे नाव 'क्लोन न्यू एनएस', म्हणजे नुसतेच 'नवी नेमस्पेस', असे ठेवले गेले. कशाची नेमस्पेस, हे नावात नाही; कारण पुढे तिला भावंडे होतील, असे त्या वेळी गृहीत धरलेले नव्हते.

भावंडे मात्र येत गेली. २००६ अखेरच्या २.६.१९ मध्ये यंत्राच्या नावाची यूटीएस आणि प्रक्रियांमधील निरोपांची आयपीसी या नेमस्पेस आल्या. २००८ च्या २.६.२४ मध्ये प्रक्रिया क्रमांकांची पीआयडी नेमस्पेस आली. नेटवर्कच्या नेमस्पेसचे काम त्याच आवृत्तीत सुरू होऊन २००९ च्या २.६.२९ पर्यंत बव्हंशी पुरे झाले. २०१३ च्या ३.८ मध्ये वापरकर्त्यांची 'यूजर', २०१६ च्या ४.६ मध्ये 'सीग्रुप' आणि २०२० च्या ५.६ मध्ये 'टाइम' नेमस्पेस दाखल झाली. भिंतीवरच्या घड्याळासारखी खरी वेळ टाइम नेमस्पेसमध्ये बदलता येत नाही. यंत्र सुरू झाल्यापासून मोजला जाणारा काळच तेवढा बदलून दाखवता येतो. असे एकूण आठ प्रकार झाले. मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आलेल्या 'डॉकर'ने यांचाच आधार घेतला आणि कंटेनर हा शब्द घरोघरच्या प्रोग्रॅमरच्या तोंडी झाला.

एकच काम आठ वेळा

प्रकार वेगवेगळे असले तरी प्रत्येक नेमस्पेसची काही कामे सारखीच असतात. ती निर्माण करायची, तिला ओळख क्रमांक द्यायचा, तिचा वापर किती जण करीत आहेत याचा हिशेब ठेवायचा आणि शेवटचा वापर संपताच ती मोडून स्मृतीतील जागा मोकळी करायची.

यातला हिशेब सर्वांत नाजूक. वाड्यात किती बिऱ्हाडे आहेत याची मोजणी एकाने कमी झाली, तर माणसे आत असतानाच वाडा पाडला जाईल. कर्नेलमध्ये अशी चूक झाली, तर सोडून दिलेली स्मृती कोणी तरी अजून वापरीत असते आणि हल्लेखोराला ती आयती वाट मिळते. मोजणी एकाने जास्त झाली, तर रिकामा वाडा कायमचा उभा राहतो आणि यंत्राची स्मृती हळूहळू भरत जाते. हा हिशेब आठ ठिकाणी वेगळा लिहिला, की एका ठिकाणी केलेली दुरुस्ती उरलेल्या सात ठिकाणी पोहोचेलच, याची खात्री उरत नाही.

फेरमांडणीचे टप्पे

फेरमांडणी, म्हणजेच रिफॅक्टरिंग, याचा अर्थ प्रोग्रॅमचे बाहेरचे वर्तन तसेच ठेवून आतील रचना बदलणे. नेमस्पेसच्या बाबतीत हे काम सुमारे वीस वर्षे टप्प्याटप्प्याने चालले.

पहिला टप्पा २.६.१९ चा. सर्ज हॅलिन यांनी आणलेल्या 'एनएसप्रॉक्सी' या रचनेमुळे प्रक्रियेच्या नेमस्पेस दाखवणारे दुवे एकत्र बांधले गेले. त्यानंतरच्या आवृत्तीत, नुसत्या 'नेमस्पेस' या नावाने वावरणाऱ्या जुन्या रचनेचे नाव 'एमएनटी नेमस्पेस' असे स्पष्ट करण्यात आले. दुसरा टप्पा २०१५ च्या ३.१९ चा. सर्व प्रकारांत आढळणाऱ्या समान गोष्टी व्हायरो यांनी 'एनएस कॉमन' या छोट्या रचनेत काढल्या आणि ती प्रत्येक प्रकारात बसवली. तिसरा टप्पा २०२१ च्या ५.११ चा. किरिल त्खाई यांच्या कामामुळे वापराची मोजणी या समान रचनेत आली आणि सर्व प्रकारांतील मोजणीचे स्वरूप एक झाले.

६.१८ मधील चौथा टप्पा सर्वांत व्यापक ठरला. फाइल प्रणालीच्या व्हीएफएस विभागाचे देखभालकर्ते ख्रिश्चन ब्राउनर यांनी तो हाती घेतला. एकाकडे पाहून दुसऱ्याने उचललेल्या लकबी आठही प्रकारांत साचल्या होत्या आणि नवे बदल करणे त्यामुळे जड जात होते. आता कोणतीही नेमस्पेस एकाच पद्धतीने सुरू होते. फक्त प्रकार सांगायचा; त्याला लागणारी बाकीची माहिती प्रकारावरूनच ठरते. चुकीची जोडी जुळवली गेली, तर कंपायलरच ती अडवतो. नेटवर्कच्या आरंभीच्या नेमस्पेससाठी ठेवलेला वेगळा अपवाद काढून टाकण्यात आला. मोजणीच्या आकड्याला थेट हात लावण्याची मुभाही बंद झाली असून ठरावीक मोजक्या फंक्शनमधूनच तो बदलता येतो.

अशा सफाईचे फळ पुढे मिळते. माउंट नेमस्पेस क्रमाने चाळण्याची जी सोय होती, ती यानिमित्ताने सर्व प्रकारांना लागू झाली. तिच्या बळावर ६.१९ या पुढच्या आवृत्तीत यंत्रावरील नेमस्पेसची यादी कर्नेलकडूनच मिळवण्याची 'लिस्टएनएस' ही सिस्टिम कॉल आली.

दुरुस्तीचीही जोखीम

पुनर्रचना म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. २०१९ मध्ये ५.१ या आवृत्तीत फाइल प्रणाली जोडण्याच्या कोडची नव्याने मांडणी झाली. तिच्यासोबत आलेली एक चूक जानेवारी २०२२ मध्ये 'सीव्हीई २०२२-०१८५' या क्रमांकाने उघड झाली.

चूक शाळकरी वजाबाकीची होती. ४०९६ बाइटच्या पानावर किती जागा उरली, हे पाहण्यासाठी ४०९६ मधून २ आणि आधी भरलेल्या मजकुराची लांबी वजा केली जात असे. ती लांबी ४०९५ झाली, की उत्तर उणे एक यायला हवे. परंतु तेथील संख्येला उणे चिन्हच नसल्याने उत्तर प्रचंड मोठे निघे आणि पान भरलेले असूनही भरपूर जागा आहे, असा समज होऊन मजकूर पानाबाहेर लिहिला जाई. यूजर नेमस्पेसमध्ये सामान्य वापरकर्ताही स्वतःच्या हद्दीपुरता प्रशासक होतो. त्यामुळे एरवी त्याच्या आवाक्याबाहेर असलेला हा कोड त्याला गाठता येत होता. कंटेनरची भिंत ओलांडण्याची वाट येथून खुली झाली. दुरुस्ती एका ओळीची होती: वजाबाकी काढून बेरीज घातली गेली.

म्हणूनच कर्नेलमधील फेरमांडणी लहान लहान पॅचमध्ये केली जाते, प्रत्येक पॅच इतर जाणकार वाचतात आणि बाहेरील प्रोग्रॅमला दिसणारे वर्तन मोडता कामा नये, हा लिनस टोर्वाल्ड्स यांचा दंडक पाळला जातो. दहा वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम नव्या कर्नेलवर तसाच चालला पाहिजे. आतील चौकट बदलली, तरी वाड्यातील खोलीचा नंबर बदलता येत नाही.

यंत्र सांभाळणाऱ्यांसाठी

लिनक्स यंत्रावर कोणत्या नेमस्पेस चालू आहेत, हे 'एलएसएनएस' या आज्ञेने पाहता येते. एखाद्या प्रक्रियेच्या नेमस्पेस 'प्रोक' डिरेक्टरीत तिच्या क्रमांकाखालील 'एनएस' या उपडिरेक्टरीत दिसतात. दोन प्रक्रियांचे तेथील ओळख क्रमांक सारखे असतील, तर त्या एकाच हद्दीत आहेत, असे समजावे. कंटेनर कितीही असले, तरी त्यांचा कर्नेल एकच असतो. कंटेनरमधील सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवून यजमान यंत्राचा कर्नेल जुनाच ठेवला, तर भिंतीतील भेग बुजत नाही. कर्नेलची सुरक्षा दुरुस्ती वेळेवर बसवणे आणि गरज नसेल तेथे सामान्य वापरकर्त्याला यूजर नेमस्पेस उघडण्याची मुभा न देणे, या दोन गोष्टी यंत्र सांभाळणाऱ्याच्या हाती आहेत.