खोऱ्यातलं गाव

परवा सॉल्ट लेक सिटीहून भाच्याचा फोन आला. "मामा, इथं पाऊस आपल्या कळंबपेक्षा कमी, पण नळाला चोवीस तास पाणी!"

कुतूहल वाटलं म्हणून वाचत बसलो. दोन लाख वस्तीचं, डोंगरांमधल्या खोऱ्यातलं शहर. जुलै १८४७ मध्ये मॉर्मन पंथाचे लोक तिथं पोचले. जमीन इतकी कडक की नांगर चालेना. मग त्यांनी आधी ओढा अडवला, रान भिजवलं आणि मगच पेरलं. वासॅच डोंगरावरचा बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर ते शहर आजही जगतं.

आपलंही कळंब खोऱ्यातलंच. बालाघाटात उगम पावलेली मांजरा गावाला लागून वाहते. पलीकडे बीड जिल्हा. फरक एवढाच की आपल्या डोंगरावर बर्फ नाही. पाऊस पडला तर नदी, नाहीतर वाळू.

आणि ही नदी अडवली कुणी? निजामाच्या राजवटीत तिच्यावर मोठं धरण झालं ते निजामसागर, १९२३ ते १९३१ या काळात. पण ते पार खाली, निजामाबादकडे. तिथली भातशेती आणि ऊस भिजला. आपण त्याच राज्यातले, त्याच नदीकाठचे, पण आपल्या वाट्याला काही नाही. आपल्याजवळ, धनेगावला धरण झालं ते स्वातंत्र्यानंतर, तेही १९७२ चा दुष्काळ सोसून झाल्यावर. आज लातूर शहर त्याच पाण्यावर आहे.

"धरण उशाला अन् कोरड घशाला" असं आपल्याकडे म्हणतात. २०१६ साली तर ते धरणच कोरडं पडलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्या दिवशी वाटलं, ज्यांचा आपण हेवा करत होतो तेही आपल्यासारखेच तहानलेले की! मग सप्टेंबर २०२५ मध्ये याच भागात अतिवृष्टीनं रानंच्या रानं खरवडून नेली.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, इथलंही सगळं गोड नाही. वरच्या वर शेतीला आणि शहरांना इतकं पाणी उचललं, की ते मोठं खारं तळं २०२२ मध्ये आजवरच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं. उघड्या पडलेल्या तळाची धूळ आता गावात येते."

म्हणजे तिथं खालचं तळं आटतंय आणि इथं आपण वरचे असूनही तहानलेले. वर कोण नि खाली कोण, यावर आपण भांडत बसतो. पण डोंगर देतो ते मोजकंच. त्या लोकांनी पेरण्याआधी ओढा अडवला, हे शिकण्यासारखं. पुढं किती उचलायचं याचा हिशेब चुकला, हेही शिकण्यासारखंच.

आपण उसाचं टिपरू लावण्याआधी हा हिशेब करतो का? असो. तुमच्या गावचं पाणी कुठल्या डोंगरावरून येतं, ते एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा.