पत्ता नसलेला फलंदाज

आपल्याकडचा क्रिकेटचा इतिहास बहुतेक वेळा कसोटीपटूंचाच असतो. जे कसोटी खेळले नाहीत त्यांचे मोल कसे मोजायचे, हा प्रश्न मला एका अमेरिकी बैठ्या खेळामुळे पडला.

१९५१ साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये डिक साइट्झ यांनी ‘ॲपबा’ हा बेसबॉलचा खेळ विक्रीला आणला. त्यात खऱ्या खेळाडूंचे पत्ते असतात. एक मोठा, एक लहान असे दोन फासे टाकायचे. मोठ्याचा आकडा दशमस्थानी, लहानाचा एककस्थानी. ११ ते ६६ अशा ३६ शक्यता होतात. खेळाडूने त्या हंगामात जे केले, तेच प्रमाण या ३६ घरांत वाटलेले असते. चारांत एकदा यशस्वी होणाऱ्या फलंदाजाला ढोबळमानाने नऊ घरे मिळतात, तीनांत एकदा यशस्वी होणाऱ्या नामवंताला बारा. फरक फक्त तीन घरांचा! संघ बदलत, राखीव बाकावर बसत दिवस काढणाऱ्यालाही पत्ता मिळतो. ६६ पडले की त्याचाही फटका सहसा जोरदार बसतो.

अंबरनाथला शिवमंदिराच्या परिसरात आम्ही मुले क्रिकेटचे पत्ते खेळायचो, ते निराळे. सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या. ज्याचा आकडा मोठा, त्याने पत्ता जिंकायचा. त्यांत आंतरराष्ट्रीय खेळाडूच असत. म्हणून अमोल मुझुमदार आमच्या हाती कधी आला नाही.

मुझुमदारने १९९४ साली फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. तो मोडायला २०१८ साल उजाडले. पुढे भारताच्या मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण स्थिरावले आणि त्याच्यासाठी जागा उरली नाही. २००६-०७मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. नंतर तो आसामकडून खेळला, मग आंध्रकडून. १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, सरासरी ४८.१३. कसोटी सामने शून्य.

आमच्या पत्त्यांच्या नियमाने तो शून्यच मोजला जाईल आणि पत्ता पहिल्याच फेरीत हरेल. साइट्झच्या रीतीने पत्ता केला, तर फरिदाबादही त्यात येईल, गुवाहाटीही येईल. दोन्ही पत्ते आकड्यांचेच. पण कोणते आकडे मोजायचे हे आधी कुणीतरी ठरवलेले असते, आणि इतिहासकाराने तपासायला हवा तो हा निर्णय.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक मुझुमदारच होता. त्या रात्रीनंतर अनेकांनी त्याची जुनी धावसंख्या शोधून काढली. ती धावफलकांत तीस वर्षे होतीच. मुंबईच्या मैदानांवर असे आणखी कितीतरी जण खेळून गेले, ज्यांच्या वाट्याला असा विश्वचषक येणार नाही. त्यांचे पत्ते जुन्या धावफलकांवरूनच करावे लागतील.