स्वतःचे छायाचित्र : दहा सेकंदांचे अंतर

चित्रकाराला स्वतःचे चित्र काढावयाचे झाल्यास समोर आरसा पुरतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा तेथे एकाच जागी असतात. हात थांबवून पुनःपुन्हा पाहता येते. छायाचित्रणाने ही सोय काढून घेतली. कॅमेऱ्यामागचा माणूस भिंगासमोर नसतो आणि तो भिंगासमोर गेला की चौकट पाहण्यासाठी मागे कोणी उरत नाही. आरशातील प्रतिबिंब टिपावे, तर हातातला कॅमेराही चित्रात येतो. स्वतःच्या छायाचित्राचा इतिहास हा, आमच्या मते, हे अंतर ओलांडण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. या युक्त्यांनी केवळ अडचण दूर केली असे नाही. चौकटीत कोणता ‘मी’ उमटणार, हेही बऱ्याच अंशी त्यांनीच ठरवले.

आरंभ १८३९ मध्ये सापडतो. दागेरची पद्धत त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच फिलाडेल्फियातील रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने कुटुंबाच्या दिव्यांच्या दुकानामागे, मोकळ्या उजेडात कॅमेरा मांडला. भिंगावरचे झाकण काढावयाचे, समोर जाऊन निश्चल राहावयाचे आणि परत येऊन झाकण लावावयाचे, अशी ती खटपट होती. चित्रात तो चौकटीच्या मध्यावर नाही, केस विस्कटलेले आहेत, हात छातीशी आहेत. आपण चौकटीत नेमके कोठे येऊ याचा त्याला केवळ अंदाज होता. त्या चेहऱ्यावरची किंचित साशंक नजर आजही जिवंत वाटते, याचे एक कारण या अनिश्चिततेत आहे.

पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, फ्रान्सच्या इपोलित बायारने या अंतराचा वेगळा उपयोग केला. कागदावर थेट चित्र उमटवण्याची पद्धत त्यानेही शोधली होती. परंतु मान आणि सरकारी निवृत्तिवेतन दागेरला मिळाले. बायारने उघड्या देहाभोवती वस्त्र गुंडाळून, डोळे मिटून, बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचे छायाचित्र घेतले. सरकारने दागेरला भरभरून दिले आणि बायारला काहीच नाही, म्हणून या अभाग्याने पाण्यात जीव दिला, अशा आशयाचा मजकूर त्याने चित्रामागे लिहिला. हा ‘मृत’ माणूस पुढे १८८७ पर्यंत जगला. भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे त्या काळात मिटल्या डोळ्यांच्या निश्चल देहाइतका सोयीचा विषय नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. तंत्राच्या मर्यादेतूनच येथे कल्पित निर्माण झाले. आत्मचरित्र वाचताना लेखक आणि त्यातला ‘मी’ यांत आपण अंतर राखतो. छायाचित्रातील ‘मी’देखील रचलेला असतो, याचा पुरावा या कलेच्या जन्माबरोबरच मिळाला होता.

भारतात या परंपरेचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४). संस्कृत आणि फारसीचे हे अभ्यासक, चित्रकार अमृता शेरगिलचे वडील. धंद्याने ते छायाचित्रकार नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक दशके त्यांनी स्वतःला टिपले, आणि तेही बहुधा राहत्या घरी. त्या काळच्या स्टुडिओत रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची आणि मान कशी ठेवावी हे सांगणारा परका माणूस असे. आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंतींवरील ताठर पूर्वज हे त्याच व्यवस्थेचे फलित. उमरावसिंगांच्या घरात आज्ञा देणारा कोणी नव्हता. ते कधी ग्रंथांत बुडालेले अभ्यासक दिसतात, कधी दीर्घ उपवासानंतर उघड्या अंगाने उभे राहिलेले साधक. एकच माणूस निरनिराळ्या ‘मी’ची चाचणी घेत राहिला.

हे घर पुढे विस्कटले. १९४१ मध्ये अमृता अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोरला वारली. १९४८ मध्ये पत्नी मारी आंत्वानेत यांनी आत्महत्या केली. मागे छायाचित्रे राहिली. नातू विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांनी २००१–०२ मध्ये ती संगणकावर घेऊन ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका रचली. वेगवेगळ्या वर्षी टिपलेले बाप आणि लेक तिच्यात एका चौकटीत येतात. कॉर्नेलियसला धावून ओलांडावे लागलेले अंतर जागेचे होते. येथे काळाचे अंतर मिटवले गेले.

साधा डिजिटल कॅमेरा घरोघरी आला तोही याच सुमारास. त्याने घरी स्वतःचे चांगले छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर आजही जुनेच नियम पाळावे लागतात. फ्लॅश बंद करावा आणि खिडकीच्या बाजूने येणारा मंद उजेड चेहऱ्यावर घ्यावा. पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला ठेवावा. तो अगदी जवळ नसावा, कारण जवळून नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दीड-दोन मीटर दूर ठेवून थोडा झूम वापरावा. दहा सेकंदांचा टायमर लावून, आपल्या जागी खुर्चीवर उशी उभी करून बटण अर्धे दाबावे, म्हणजे भिंग तेवढ्या अंतरावर स्थिरावते. मग बोट न उचलता बटण पूर्ण दाबावे आणि जाऊन बसावे. त्या दहा सेकंदांत आपण कसे दिसतो हे आपणांस कळत नाही. आमच्या मते या पद्धतीचा खरा लाभ तोच आहे.

हे अंतर नंतर झपाट्याने आटले. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याला मागे पडदा होता आणि त्याचे भिंग स्वतःकडे वळवता येत असे. २०१० मध्ये आयफोन-४ ला पुढच्या बाजूचा कॅमेरा आला. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ हा वर्षाचा शब्द ठरवला. पडदा पुन्हा आरसा झाला. आता चेहरा टिपण्यापूर्वीच आपण तो दुरुस्त करतो आणि आवडलेल्या क्षणी बोट दाबतो. यात वाईट काही नाही. आपल्या चेहऱ्याचा निर्णय परक्या हातून आपल्याकडे आला, ही मोठीच प्राप्ती आहे, आणि उमरावसिंगांनी ती फार आधी साधली होती. परंतु त्यांना चित्र धुऊन हाती येईपर्यंत वाट पाहावी लागे, आणि हाती येई ते काही वेळा त्यांनाही नवे असणार. आपले छायाचित्र आपणांस माहीत नसलेले काही सांगू शकते, ही शक्यता टिकवावयाची असेल तर कपाटातला जुना कॅमेरा एकदा बाहेर काढून, टायमर लावून पाहण्यास हरकत नाही.