जयपूर फूट : एका कृत्रिम पायाचे कर्तृत्व

शस्त्रक्रियेने पाय गमावलेल्या व्यक्तीसाठी जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात घडवला गेलेला कृत्रिम पाय जगभर शहराच्या नावाने ओळखला जातो. या नावामागे कोणाचे कर्तृत्व आहे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाच्याही परिचयाचा आहे.

तत्पूर्वी भारतात 'सॅच' हा अमेरिकन बनावटीचा पाय वापरला जात असे. त्याच्या आतील ताठ लाकडी गाभ्यामुळे घोटा वाकत नसे, आणि त्यावर बूट चढवणे गृहीत धरलेले होते. शेतात अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, मांडी घालून जेवणारा माणूस या रचनेत बसतच नव्हता. रुग्ण पाय घेऊन जात आणि कुबड्यांकडे परतत. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा दोष रुग्णात न शोधता वस्तूत शोधला. पारंपरिक घराण्यातले कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या हातांनी त्याचे उत्तर घडवले : आत स्पंज रबर व लाकूड, बाहेरून साच्यात घालून उष्णतेने पक्के केलेले कातडीच्या रंगाचे रबर. हा पाय बुटाविना, चिखलात आणि पाण्यातही चालला.

या निर्मितीची नोंद निरनिराळ्या संहितांनी निरनिराळी केली. १९७८ साली कृत्रिम अवयवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधावर सेठी, उदावत, कासलीवाल आणि चंद्र अशी चार नावे आहेत. 'मास्टरजी' म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र तेथे शेवटी, आद्याक्षरासह 'आर. चंद्र' या रूपात येतात. सहलेखकत्व मिळाले, पण कारागिरीची ओळख पुसली गेली. १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो एकट्या सेठींना. मौखिक परंपरा मात्र मास्टरजींना नायक करते : टायरवर रबर चढवणाऱ्या दुकानात त्यांना युक्ती सुचली, असे सांगितले जाते. तिसरी कथा वापरणाऱ्याची आहे. १९८१च्या अपघातानंतर गँगरीन होऊन पाय गमावलेल्या मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचल्या. त्यांच्या जीवनावर आधी तेलुगूत 'मयूरी' आणि पुढे हिंदीत 'नाचे मयूरी' (१९८६) हे चित्रपट झाले. अपघाताइतकाच शस्त्रक्रियेपर्यंत नेणारा जखमेचा चिघळावही या कथेचा भाग आहे, हे विसरता कामा नये.

शोधनिबंध, पुरस्कार, आख्यायिका आणि चित्रपट या चार प्रकारांनी एकाच वस्तूचे चार कर्ते उभे केले. यांपैकी एकच खरा ठरवणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. शल्यविशारदाने प्रश्न मांडला, कारागिराने तो हाताने सोडवला, रुग्णाने चालून पडताळला. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहाय्यता समितीने तो पाय विनामूल्य असंख्यांपर्यंत पोहोचवला. त्यावर पेटंट घेतले गेले नाही. म्हणूनच अफगाणिस्तानातील युद्धग्रस्तांपर्यंत तो जाऊ शकला. मात्र ही निःस्वामिकता आणि अनामिकता यांत फरक केला पाहिजे. वस्तू सर्वांची झाली म्हणून ती घडवणाऱ्याचे नाव आद्याक्षरात आटावे, असे नाही. लोकपरंपरेतील रचनांविषयी बोलतानाही हा भेद आपल्याला उपयोगी पडावा.